रविवारचे विमान



या व्याख्यानमालेची पत्रिका घरोघर गेली तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत चांगलाच हशा पिकला. याच व्यासपीठावरून वेदान्तावर बोलणे होते, अर्थशास्त्रावर होते, आणि मध्येच आमचा विषय काय, तर प्लॅस्टिकची विमाने जोडण्याचा छंद! एक जुना सहकारी म्हणाला, "भाऊ, तीस वर्षे गेट सभा घेतल्या, बोनसवर बोललात, कराराच्या कलमांवर बोललात. आता उतारवयात खेळण्यांवर बोलणार?" आम्ही म्हटले, "होय बाबा, खेळण्यांवरच बोलणार. पण ऐकायला ये. त्यात तुझ्या रविवारचाही हिशेब आहे." तो आज समोरच बसला आहे, तेव्हा हिशेब चोख द्यावा लागणार.

आधी एक कबुली देऊन टाकतो. आम्ही विद्वान नाही. नववीत शाळा सुटली, सातपूरच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, आणि पुढे जे काही शिक्षण झाले ते शिफ्ट सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर झाले. तेथेच आम्हाला नारायण मेघाजी लोखंडे भेटले. मुंबईच्या गिरण्यांतला कामगार तेव्हा आठवड्याचे सातही दिवस राबत असे. लोखंड्यांनी १८८४ साली साप्ताहिक सुटीची मागणी मांडली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज रविवार सर्वांनाच जन्मसिद्ध वाटतो. परंतु तो आकाशातून पडलेला नाही, मागून घेतलेला आहे. आता ज्याने एखादी वस्तू इतक्या कष्टाने मिळवली, त्याने तिचे काय केले, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही? रविवार मिळाला, त्याचे आपण काय केले? या प्रश्नाभोवतीच आजचे भाषण आहे. विमान हे केवळ निमित्त.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुठ्ठ्याचा एक डबा असतो. त्याच्यावर विमानाचे झोकदार रंगीत चित्र. झाकण उघडावे तर आत विमान नसतेच! डहाळीला कैऱ्या लटकाव्यात तसे पंख, चाके, आसन, शेपूट असे सुटे भाग प्लॅस्टिकच्या काड्यांच्या चौकटीला लटकलेले असतात. त्या काडीला कारखान्यात रनर म्हणतात. सोबत एक नकाशा असतो, कोणता भाग कोठे बसवायचा याचा. भाग कापायचे, घासून साफ करायचे, जोडायचे आणि रंगवायचे. एवढाच हा खेळ.

मापे ठरलेली असतात. सर्वांत अधिक चालते ते १/७२, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट येथे एक इंच होतात. त्याहून मोठी मापे आपल्या फिटर लोकांना सुतांत चटकन कळतील. १/४८ म्हणजे फुटाला दोन सूत, १/३२ म्हणजे फुटाला तीन सूत, आणि १/२४ म्हणजे फुटाला चार सूत. मिग-२१ विमानाच्या पंखांचा विस्तार सात मीटरांहून थोडा अधिक आहे. १/७२ मध्ये तो १० सेंटिमीटर भरतो. विमान तळहातावर मावते. १/३२ मध्ये तोच २२ सेंटिमीटर होतो, आणि नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी जवळजवळ एक हात! आमच्यासारख्या चाळिशी लागलेल्या आणि जाड बोटांच्या माणसाने मोठेच माप घ्यावे. लहान मापातले चाक बोटातून निसटून फरशीवर गेले की मग आयुष्यभर झाडू मारीत बसावे लागते.

"पण मोठे म्हणजे महाग," असे तुम्ही म्हणाल. सर्वच मोठे महाग नसते, आणि ते का, हे कामगाराला समजले पाहिजे. प्लॅस्टिकचा दाणा यंत्रात ओततात, दोनशे अंशांच्या आसपास तापवून वितळवतात आणि प्रचंड दाबाने पोलादी डायमध्ये घुसवतात. डायमधून थंड पाणी खेळते, काही सेकंदांत माल गोठतो, डाय उघडते, पिना भाग बाहेर ढकलतात. दाण्याची किंमत किरकोळ, यंत्राचे काम सेकंदांचे. खरी किंमत त्या डायची. ती कोरायला कसबी कारागिरांचे महिनेच्या महिने जातात. नव्या डब्याच्या किमतीत हा डायचा खर्च दडलेला असतो. परंतु डाय जुनी झाली, तिचा खर्च केव्हाच वसूल झाला, की तोच मोठा डबा स्वस्तात विकणे परवडते. जुन्या डायमध्ये भाग थोडे, नक्षी ढोबळ, सांधे थोडे उघडे. म्हणजे पैसे कमी आणि हाताचे काम जास्त. ज्याच्याजवळ पैसा थोडा आणि कसब बरेच आहे त्याने जुन्या डायचा डबा घ्यावा, हे आमचे या छंदातले पहिले सूत्र!

ही स्वस्ताई आली कोठून? निकोलस कोव्ह नावाचा एक हंगेरियन निर्वासित इंग्लंडात आला आणि त्याने १९३९ साली एअरफिक्स नावाची कंपनी काढली. सुरुवातीला हवा भरायची रबरी खेळणी, आणि युद्धानंतर प्लॅस्टिकचे कंगवे. कंगवे काढता काढता एका ट्रॅक्टर कंपनीने विक्रेत्यांना दाखवण्यासाठी फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती मागितली, आणि पुढे तीच सुट्या भागांत विकली जाऊ लागली. १९५२ साली 'गोल्डन हाइंड' हे जहाज निघाले; साध्या पिशवीत भरून, वूलवर्थच्या दुकानांत, किंमत दोन शिलिंग. पाठोपाठ स्पिटफायर विमान आले. गोदीत किंवा कापडगिरणीत काम करणाऱ्या बापाला शनिवारी मुलासाठी घेता येईल अशी ती किंमत होती. तोवर असले छंद हे मोठ्या घरच्या पोरांचे होते. १९७० साली याच कंपनीने १/२४ मापाचे स्पिटफायर काढले. पंखांचा विस्तार सुमारे ४७ सेंटिमीटर!

आता या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे; नाही तर आम्ही युनियनवाले कसले? एअरफिक्सने १९७१ साली मेकॅनो ही नामांकित कंपनी घेतली. पत्र्याच्या भोके पाडलेल्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांचा तो खेळ आपल्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. तिचा लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर कारखाना होता. नोव्हेंबर १९७९ च्या अखेरीस तो एकाएकी बंद करण्यात आला. कामगारांनी कारखान्याचा ताबा घेतला आणि ते आत ठाण मांडून बसले. कारखाना काही वाचला नाही. १९८१ च्या जानेवारीत खुद्द एअरफिक्सही कर्जात बुडाली. तिच्या डाय मात्र वाचल्या. त्या एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेल्या, आणि २००६ साली हॉर्नबी कंपनीकडे आल्या. अलीकडच्या वर्षांत त्यांच्या कित्येक डब्यांवर 'भारतात बनवलेले' असे छापलेले आम्ही स्वतः पाहिले आहे. म्हणजे लंडनच्या पोराच्या हातातले स्पिटफायर आपल्याच कोणा बंधूने किंवा भगिनीने यंत्रातून काढून पिशवीत भरलेले असते! तिची पाळी किती तासांची होती, हे डब्यावर छापत नाहीत. ते विचारायचे काम आमचे.

इतका वेळ दूरच्या गोष्टी सांगितल्या. आता घरची सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमचे सभासद असलेला एक कारखाना बंद पडला. नाव घेत नाही; नावाने काही बदलत नाही. पावणेदोनशे माणसे. आठ महिने आम्ही लढलो. शेवटी मालकाने भरपाईचा एक आकडा ठेवला, आणि घरोघरच्या चुली पाहून आम्ही करारावर सही केली. ती सही चुकली असे आजही आम्हाला वाटत नाही. परंतु ती बरोबर होती असे म्हणताना जीभ अडखळते. त्या कारखान्याच्या टूलरूममध्ये आमचे एक स्नेही होते. त्यांना सारे नाना म्हणत. एकतीस वर्षे डाय बनवलेला माणूस. त्यांचे म्हणणे होते की आणखी एक महिना धरून बसावे. आम्ही बसलो नाही. नाना वयाने वडील. वीस वर्षे त्यांनी आम्हाला 'अरे तू' याखेरीज हाक मारली नव्हती. सहीच्या दिवशी गेटवर ते म्हणाले, "तुम्ही सही केलीत, साहेब." शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. ते 'तुम्ही' आमच्या काळजात सुतारी खिळ्यासारखे बसले.

पुढे नानांनी आमच्याशी बोलणेच टाकले. कानावर आले की ते गंगापूर रोडच्या एका सोसायटीत रखवालदार म्हणून लागले आहेत. ज्या हातांनी केसाच्या जाडीइतके माप सांभाळले, त्या हातात शिट्टी आणि वही. इकडे आमचीही अवस्था काही वेगळी नव्हती. संध्याकाळी घरी यावे आणि भिंतीकडे पाहत बसावे. पुस्तक उघडले तर ओळ पुढे सरकेना. अशात जर्मनीत नोकरीला असलेला आमचा भाचा आला, आणि त्याने तिकडच्या जुन्या बाजारात घेतलेला एक डबा पुढे ठेवला. रेव्हेल कंपनीचे मिग-२१, माप १/३२, १९७० च्या दशकातल्या डायचे. किंमत एका साध्या बूटजोडाइतकी. म्हणाला, "मामा, आपल्या ओझरला बनायचे तेच विमान."

नाशिककरांना हे सांगायला नको. १९६४ साली ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला तो याच विमानासाठी. वायुदलात ते १९६३ साली आले, आणि पुढे भारतात अशी सहाशेहून अधिक विमाने तयार झाली. आमच्या लहानपणी ते डोक्यावरून गेले की मास्तरसुद्धा फळ्यावरचा खडू थांबवीत.

तर आम्ही डबा उघडला आणि कामाला लागलो. चार दिवसांत इतका गोंधळ केला की सांगता सोय नाही. भाग रनरपासून कापण्याऐवजी पिरगाळून तोडले, त्यामुळे कडा फाटल्या. डिंकासारखा भरपूर लेप दिला, तर प्लॅस्टिकच विरघळले आणि पंखावर आमच्या अंगठ्याचा ठसा उमटला. जणू निरक्षराने करारावर अंगठा दिला! विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग तर एकमेकांशी जमेचनात. एक भाग वाकलेला होता. त्या अर्ध्या धडाकडे पाहत असताना आमच्या मनात आले की नाशिकमध्ये हे समजणारा एकच माणूस आहे, आणि तो आपल्याशी बोलत नाही.

एका रविवारी सकाळी ते अर्धे धड कापडी पिशवीत घालून आम्ही त्या सोसायटीच्या फाटकावर गेलो. नानांनी पाहिले, न पाहिल्यासारखे केले. आम्ही काही न बोलता तो तुकडा त्यांच्या वहीवर ठेवला. बराच वेळ तो तसाच पडून राहिला. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि तुकडा उचलून आतली बाजू वर केली. बाहेरची नव्हे, आतली! "ही पिनेची खूण," ते म्हणाले. "माल येथून शिरला. येथे डाय झिजली आहे म्हणून फ्लॅश आला. आणि येथे कोणीतरी डाय दुरुस्त केली आहे, हात चांगला होता त्याचा." आम्ही विचारले, "कोणी बनवली असेल?" नाना म्हणाले, "असेल तिकडचा एखादा टूलरूमवाला. तोही आता घरी बसला असेल." आम्ही म्हटले, "नाना, रविवारी घरी या. दोघे मिळून जोडू." तेव्हा त्यांनी प्रथमच आमच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "मला रविवार कुठे आहे, साहेब? बारा तासांची ड्यूटी. महिन्याचे तीसही दिवस. सुटी घेतली की पगार कापतात."

बंधूंनो, येथे आमचे डोके खाडकन ताळ्यावर आले. लोखंड्यांचा रविवार १८९० चा. त्यावर आम्ही शंभर भाषणे केली. आणि आमच्याच सभासदाचा रविवार आमच्याच शहरात गेला होता, त्याचा आम्हाला पत्ता नव्हता. कारण तो आता आमचा सभासद नव्हता, कंत्राटदाराचा माणूस होता. आठवड्याची एक सुटी कायद्याने सक्तीची आहे. परंतु कायदा कपाटात असतो आणि रखवालदार फाटकावर.

मग भिंतीकडे पाहणे संपले. त्या कंत्राटदाराकडे अशी चौदा माणसे होती. एकेकाला गाठले, अर्ज केले, कामगार खात्यात खेटे घातले, सोसायटीच्या कमिटीपुढे जाऊन बसलो. चार महिन्यांनी आठवड्याला एक भरपगारी सुटी पाळीपाळीने मिळाली. फार मोठा विजय होता असे नाही. बारा तासांचा प्रश्न अजून तसाच आहे. नानांच्या वाट्याला रविवार आलाही नाही, गुरुवार आला. म्हणून आमचे विमान गुरुवारी जोडले गेले. परंतु आमच्या घरी त्याला सारे रविवारचे विमान म्हणतात.

आता ते कसे जोडले ते ऐका. ज्यांना हात घालायचा असेल त्यांना उपयोग होईल. नानांनी पहिल्या दिवशी डिंकाची बाटली उचलून कपाटात ठेवली. "आधी सारे कोरडे बसवून बघायचे," म्हणाले. भाग प्रथम साबणाच्या कोमट पाण्याने धुतले, कारण डायमधून सुटावे म्हणून लावलेला तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. वाकलेला भाग गरम पाण्यात धरला, हलक्या हाताने सरळ केला आणि गार पाण्यात सोडला. हत्यारे सारी घरातलीच. पाते, नखे घासायची कानस, पॉलिशपेपर, कपडे वाळत घालायचे चिमटे, रबरबँड, दात कोरायच्या काड्या. सांधा घट्ट धरून कडेला पातळ द्रावण टेकवायचे. ते आपोआप फटीत शिरते, दोन्ही कडा विरघळवते आणि एकजीव करते. हे चिकटवणे नव्हे, हे वेल्डिंग आहे. फट राहिली तर पुट्टी भरायची आणि घासायचे. पुन्हा भरायची, पुन्हा घासायचे. रंग एका जाड थरात नव्हे, दोन पातळ थरांत. खिडक्या उघड्या ठेवायच्या, कारण थिनरची वाफ डोक्यात जाते. आणि पाते नेहमी आपल्यापासून दूर चालवायचे. कारखान्यात बोटे सांभाळली ती घरी गमवायची नाहीत.

एक चूक मात्र नानांच्या देखतच झाली. मिगला पुढे एक चाक, मागे दोन, आणि शेपूट जड. म्हणून नाकातल्या शंकूत आधीच वजन भरावे लागते. आम्ही उत्साहाच्या भरात शंकू बंद करून टाकला. विमान चाकांवर उभे केले, तर ते नाक वर करून खाली बसले! गेट सभेत पुढारी पुढे हलका आणि मागे जड असला की असेच होते. शंकू पुन्हा सोडवून आत मासेमारीच्या जाळ्याचे शिसे भरले. पाण्यात भिजवून सरकवायची खुणांची चित्रे असतात, त्यांना डिकॅल म्हणतात. ती जुनी होऊन तडकली होती. नानांनी दोन पायांचे परकार घेऊन केशरी, पांढरी आणि हिरवी वर्तुळे हातानेच काढली. त्यांच्याकडे पाहताना आम्हाला वाटले, या माणसाने एकतीस वर्षांत हजारो भागांच्या डाय बनवल्या. परंतु त्यातला एकही माल शेवटपर्यंत पूर्ण झालेला त्याने पाहिला नसेल. कोणाचा हॅण्डल, कोणाचे झाकण, कोणाचा दात. अख्खी वस्तू पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या रंगापर्यंत आपली, असे कारखान्यात होत नाही. मजुरी मिळते, वस्तू मिळत नाही. या टेबलावर मजुरी नव्हती, परंतु वस्तू आपली होती.

विमान पुरे झाले आणि आमच्या गल्लीतले एक गृहस्थ पाहायला आले. ओझरहून निवृत्त झालेले, उभी उमर मिगवर गेलेली. त्यांनी विमान हातात घेतले नाही. फक्त एक बोट पोटाभोवती फिरणाऱ्या सांध्याच्या रेघेवर ठेवले. "येथून शेपूट सुटते," म्हणाले. "येथून आम्ही इंजिन बाहेर काढायचो." मग थोडे थांबून म्हणाले, "पेपरवाले याला उडती शवपेटी म्हणतात. आम्ही एक रिव्हेट आंधळेपणाने मारला नाही." यावर काय बोलणार? या विमानाच्या अपघातांत कित्येक तरुण वैमानिक गेले, त्यांच्या आईबापांच्या दुःखापुढे कोणाचाच अभिमान मोठा नाही. आणि या गृहस्थांचे बोलणेही खोटे नाही. दोन्ही खरे आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला अखेरचा निरोप दिला गेला, तेव्हा ते आमच्याच घरी टीव्हीसमोर बसले होते. कार्यक्रम संपेपर्यंत बोलले नाहीत.

काही आक्षेप येतात, त्यांना टाळून पुढे जाणार नाही. कोणी म्हणतात, ही युद्धाची यंत्रे. ती कामगाराने का गोंजारावी? आमचे उत्तर असे की ते मारण्याचे यंत्र आहे हे लपवायचे नाही. पोराबाळांना विमान दाखवताना त्याच्या पंखाखाली काय असते आणि ते कोणावर पडते, हेही सांगावे. दुसरे म्हणतात, परक्या देशांतून येणारा हा माल आपल्या माणसाला परवडत नाही. हे बरेचसे खरे आहे. म्हणूनच आम्ही म्हणतो की जुन्या डायचा घ्या, एकट्याने न घेता चौघांनी मिळून घ्या, युनियनच्या कचेरीत टेबल मांडा. वर्षाला एक डबा पुष्कळ झाला. आमचे पहिले विमान व्हायला अकरा महिने लागले. नाक्यावरच्या एका पानपट्टीवर अकरा महिन्यांत याहून अधिक जाते. तिसरे म्हणतात, हा पोरखेळ आहे. असेल. परंतु दिवसभर दुसऱ्याच्या हुकुमाने मोठ्या माणसाचे काम करणाऱ्याला संध्याकाळी आपल्या मर्जीने थोडे पोर होण्याचा अधिकार नाही काय?

अखेर प्रश्न रविवारचा. आम्ही आजवर पगारासाठी लढलो, तासांसाठी लढलो. तास मिळाल्यावर त्यात काय भरायचे याचा विचार केला नाही. रिकामा रविवार दारूच्या गुत्त्याला जातो, किंवा हातातल्या फोनला जातो. आणि ज्याला आपल्या रविवारचे काही करावेसे वाटत नाही, तो रविवार काढून घेतला तरी भांडत नाही. नानांचा रविवार गेला होता. परंतु एक अर्धवट विमान समोर आले तेव्हा त्यांना तो गेल्याचे शब्दांत सांगता आले, आणि आम्हाला तो ऐकू आला. म्हणून आम्ही छंदाला चैन म्हणत नाही. छंद हा आपल्या वेळेवरचा आपला हक्कनोंदीचा उतारा आहे. मग तो विमानांचा असो, भजनाचा असो, नाहीतर कुंडीतल्या गुलाबाचा.

नाना आज येथे नाहीत. आज त्यांची ड्यूटी आहे. त्यांनी आम्हाला क्षमा केली असे आम्ही सांगणार नाही. ते एकदा स्पष्ट म्हणाले, "सही मी विसरलेलो नाही." आम्हीही विसरू नये, हेच बरे. परंतु पंख बसवायच्या दिवशी एक गोष्ट घडली. मिगचे पंख टोकाकडे किंचित खाली झुकलेले असतात. आम्ही ते सरळ बसवीत होतो. नानांनी मागून पाहिले आणि ओरडले, "अरे, तू चित्र बघतोस की नाही? खाली घे, खाली!"

आम्ही पंख खाली घेतला.